रीती भूतकाळ

मंचरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत माझा पोर्तुगीज भाषेचा क्लास आहे. नवख्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पण गेल्या काही वर्षांत जुन्नर-आंबेगावची बरीच पोरं पोर्तुगालला जायला लागली. तिकडे दक्षिणेला समुद्राच्या कडेनं प्लास्टिकची पॉलिहाउसं पसरलेली आहेत, त्यांत रासबेरी पिकते. ती तोडायला, डब्यांत भरायला, शीतगृहात ठेवायला माणसं लागतात. द्राक्षबागेत आणि टोमॅटोच्या तोडणीत वाढलेल्या पोरांना काम नवीन नसतं, फक्त भाषा नवीन असते.

मी मूळची पिंपळवंडीची. घरची द्राक्षं. पुण्याला शिकले, मग तीन वर्षं गोव्यात राहून ही भाषा घेतली. पोर्तुगालला मी कधी गेलेले नाही. हे मी विद्यार्थ्यांना आपण होऊन सांगत नाही. जिन्याच्या तोंडाशी एक फ्लेक्स लावला आहे, तिकडे पोचलेल्यांचे हसरे फोटो आणि खाली माझं नाव: आरती मॅडम.

उज्ज्वला माझ्याकडे आली ती पावसाळ्याच्या शेवटी. तळेघरच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यापासून आत एका वस्तीवर तिचं घर. नवरा सुभाष चार वर्षांपासून तिकडे होता. आधी तोडणीला होता, आता पॅकिंगच्या ठिकाणी मुकादम झाला होता, वीसेक माणसं त्याच्या हाताखाली होती. त्यानं बायकोचे आणि मुलीचे कागद केले होते. जानेवारीत जायचं होतं. त्याआधी भाषा शिकून घे, असं त्यानं तिला फोनवर सांगितलं होतं.

उज्ज्वला हुशार होती. एसटीनं दोन तास खाली यायची, पुढच्या बाकावर बसायची आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची नाही.

आम्ही भूतकाळापर्यंत आलो. पोर्तुगीजमध्ये साधे भूतकाळ दोन. एक संपलेला. गेला, जेवला, मेला. दुसरा न संपलेला. जायचा, जेवायचा, बसायचा. नियमित क्रियापदांना हा दुसरा फार सोपा असतो. मी फळ्यावर लिहिलं. फालार म्हणजे बोलणं, फालाव्हा म्हणजे बोलायचा. कोमेर म्हणजे खाणं, कोमीया म्हणजे खायचा. शेवटी ‘आर’ असेल तर ‘आव्हा’, ‘एर’ किंवा ‘ईर’ असेल तर ‘ईया’. झालं.

“हे तर आपल्यासारखंच हाय की, मॅडम,” उज्ज्वला म्हणाली.

“तसंच. मराठीत याला रीती भूतकाळ म्हणतात. रोजची रीत.”

“पण मग ते करायचं थांबलं कधी, ते कसं सांगायचं?”

“ते हा काळ सांगतच नाही. त्याचं टोक उघडं असतं.” मी खडू ठेवला. “एकच भानगड आहे. ‘मी’ला आणि ‘तो’ला आणि ‘ती’ला एकच रूप. नुसतं ‘फालाव्हा’ म्हटलं, तर मी बोलायचे, तो बोलायचा की ती बोलायची, काही कळत नाही. मागचंपुढचं ऐकावं लागतं.”

दिवाळीनंतर भातं कापणीला आली आणि उज्ज्वलाला खाली येणं जमेना. घरात ती आणि तिची सासू. सासरे चिमाजी वारून बरीच वर्षं झालेली, मुलगी श्रेया आश्रमशाळेत. मग शनिवारी सकाळी मीच स्कूटर घेऊन वर जायचं ठरवलं. घोडेगाव, डिंभ्याचं पाणी, मग चढ. वर हवा एकदम पातळ आणि थंड लागायची. घराला पुढे सारवलेली ओसरी, ओसरीपुढे खळं, खळ्यात भाताचे भारे. उज्ज्वला फळीवर पेंढ्या झोडायची आणि झोडता झोडता माझे प्रश्न सोडवायची.

सासूबाईंचं नाव सखूबाई. सत्तरीच्या. ओसरीच्या कोपऱ्यात उन्हाला बसून सुपानं भात पाखडत असायच्या. घोडेगावच्या बाजारापलीकडे त्या कधी गेलेल्या नव्हत्या. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, ‘बाई’ म्हणाल्या आणि गुळाचा चहा दिला.

पहिल्या शनिवारी मी उज्ज्वलाला एक नवीन क्रियापद दिलं. “एश्कोंदेर. लपवणं. आता तू कर. लपवायचा.”

तिनं पेंढी खाली आपटली आणि अडखळली. “एश्को... एश्कोंदा...”

“श्कोंदीया,” सखूबाई म्हणाल्या.

सूप थांबलं नव्हतं. आम्ही दोघी एकदम हसलो. “आत्या, आता तुमीबी चला तिकडं!” उज्ज्वला म्हणाली. ऐकून ऐकून पाठ झालं असेल, असं मी म्हटलं. घरी उज्ज्वला मोठ्यानं घोकायची, तेव्हा नवल काही नव्हतं.

उतारावर स्कूटर बंद करून सोडली तेव्हा माझ्या डोक्यात आलं. हे क्रियापद मी उज्ज्वलाला आधी शिकवलेलं नव्हतं. आणि मी ‘एश्कोंदेर’ म्हणते, सुरुवातीचा ‘ए’ स्वच्छ उच्चारून, जसं मला गोव्यात शिकवलं तसं. पोर्तुगालमधली माणसं तो ‘ए’ खाऊन टाकतात. रेकॉर्डिंगमध्ये मी ऐकलंय. मला तसं कधी जमलेलं नाही.

सखूबाईंनी तो खाल्ला होता.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसले. उज्ज्वला खळ्यात होती. थोडा वेळ नुसता सुपाचा आवाज. फटक, फटक, मग फोलपटं उडायची. मग त्याच तालात, मान खाली घालून, सखूबाई बोलायला लागल्या. आवाज त्यांचाच होता, थोडा बसका, तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बाईचा.

“त्रबल्याव्हा ना श्तूफा. त्रबल्याव्हा. शुराव्हा. बतीया. बतीया. बतीया.”

श्तूफा म्हणजे पॉलिहाउस. पॉलिहाउसात काम करायचा. रडायचा. मारायचा, मारायचा, मारायचा.

उज्ज्वलानं झोडणं थांबवून इकडे पाहिलं.

“काय म्हणत्यात आत्या?”

“काम करायचा, म्हणताहेत.”

“आन् फुडचं?”

“तेच. काम करायचा.”

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग वाकून पुढची पेंढी उचलली.

मी का नाही सांगितलं? तिच्या चेहऱ्यावर भुसा चिकटला होता आणि ती हसत होती, हे एक. दुसरं म्हणजे, एका म्हातारीच्या पुटपुटण्यावरून एखाद्या बाईला ‘तुझा नवरा तिकडे कुणाला तरी मारायचा’ असं कसं सांगायचं? तेही त्याच्याच घरात बसून, त्याच्याच आईसमोर. आणि तिसरं मला तिथंच, त्या ओसरीवर सुचलं, आणि त्याची मला तिथंच लाज वाटली. जिन्यातल्या फ्लेक्सवर पुढचा फोटो उज्ज्वलाचा लावायचा असं मी ठरवून ठेवलं होतं.

“आजी, हे कुठं शिकलात?” मी हळूच विचारलं.

“काय वो?”

“आत्ता बोललात ते.”

“म्या कुठं काय बोलले? पाखडतीय न्हवं का.” त्या खरंच गोंधळल्या होत्या. मग पाहुणीला काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी टोपलीतल्या भुईमुगाच्या शेंगा मूठभर माझ्या हातावर ठेवल्या. त्यांची बोटं माझ्या तळव्याला लागली.

ऊन चांगलं वर आलं होतं. सारवलेली जमीन पायाला ऊबदार लागत होती. सखूबाईंची बोटं बर्फातून काढल्यासारखी होती. नखांखाली निळसर. आणि त्यांच्या लुगड्याला एक वास होता. तो ओळखायला मला वेळ लागला नाही. पिंपळवंडीला आमची द्राक्षं ज्या शीतगृहात जायची, त्याचं जाड दार उघडलं की तोच वास अंगावर यायचा. ओला पुठ्ठा, प्लास्टिकचे क्रेट आणि गार लोखंड.

मी घरात जाऊन पाणी पिण्याच्या निमित्तानं सगळीकडे पाहिलं. चूल, कणगी, देव्हारा, भिंतीला टेकवलेली नवी कोरी प्रवासी बॅग. फ्रीज नव्हता. टीव्ही बंद पडून त्याच्यावर गोधड्या रचलेल्या. मोबाइलला घरात रेंज येत नव्हती, बोलायचं तर खळ्याच्या कडेच्या खडकावर चढावं लागायचं.

त्या आठवड्यात मला काही सुधरलं नाही. क्लासमध्ये पोरं तालावर म्हणायची, फालाव्हा, फालाव्हाश, फालाव्हा, आणि माझं लक्ष दुसरीकडे असायचं. म्हातारपणी माणसं कुठं ऐकलेलं काहीही बोलतात, असं मी स्वतःला समजावलं. सुभाष फोनवर तिकडच्या कुणाशी बोलला असेल, ते यांच्या कानावर पडलं असेल. पण फोनवर तो आईशी मराठीतच बोलायचा. तेही मी उज्ज्वलाला विचारून घेतलं होतं.

तिसऱ्या शनिवारी वर गेले तर उज्ज्वलानं श्रेयासाठी आणलेला लाल स्वेटर दाखवला. तिकडे थंडी असती म्हणत्यात, म्हणाली. लेबल अजून काढलेलं नव्हतं. तिनं तो परत घडी करून बॅगेत ठेवला, आणि बाहेरून सुपाचा आवाज सुरू झाला.

“बतीया आ पोर्ता. बतीया आ पोर्ता.”

मी ओसरीवर आले. पोर्ता म्हणजे दार. ‘बतीया’ एकटं असलं तर मारायचा. दाराबरोबर आलं, तर अर्थ निराळा. दार ठोठावायचा. मी चुकले होते. कुणी कुणाला मारत नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी खाली बसले. कुणीतरी दार ठोठावायचा, एवढंच.

“शमाव्हा,” सखूबाई म्हणाल्या. हाक मारायचा. “निंगेंय अब्रीया.” कुणी उघडायचं नाही. “ऊ फ्रीऊ एंत्राव्हा.” थंडी आत शिरायची.

सूप खाली आलं. वर गेलं.

“फिकाव्हा सोझीन्या.”

मी उठून उन्हात जाऊन उभी राहिले.

फिकाव्हा म्हणजे राहायचं. सोझीन्या म्हणजे एकटी. पुरुष असता तर ‘सोझीन्यु’ झालं असतं. शेवटचा ‘आ’ बाईचा. मी तीन शनिवार ‘तो’ समजून ऐकत होते. तो नव्हताच. पॉलिहाउसात काम करायची. रडायची. लपवायची. दार ठोठावायची. एकटी राहायची. की, काम करायचे, रडायचे, ठोठावायचे? या काळात ‘मी’ आणि ‘ती’ एकच. मीच फळ्यावर लिहून दिलं होतं.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि पोर्तुगीजमध्ये विचारलं, “केंय?” कोण?

सखूबाईंनी सूप थांबवलं. पहिल्यांदाच. माझ्याकडे पाहिलं नाही.

“एऊ,” त्या म्हणाल्या.

मी.

सूप परत सुरू झालं. मागे उज्ज्वला चौकटीला धरून उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

“काय इचारलंत, मॅडम?”

“काही नाही,” मी म्हणाले. “तब्येत कशी आहे, विचारलं.”

“मग काय म्हणाल्या?”

“बरी आहे म्हणाल्या.”

ती “बरं” म्हणाली आणि आत गेली.

खाली येताना डिंभ्याच्या पाण्याकडेला मी स्कूटर थांबवून बराच वेळ उभी होते. परत वर जावं, सगळं सांगून टाकावं, असं तीनदा मनात आलं. काय सांगणार होते? की तुझ्या सासूच्या तोंडून एक बाई बोलते, ती थंडीत कोंडलेली असायची, आणि तुझा नवरा तिथं मुकादम आहे? लोक म्हणाले असते, पोर्तुगीज शिकवणाऱ्या बाईला लागीर झालं. मी शिकलेली आहे. शिकलेल्या माणसाला आपलं हसं होण्याची किती भीती असते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तरी मी खालीच आले.

एक मात्र मी केलं. सुभाषचा फोन रविवारी दुपारी यायचा. उज्ज्वलाचा उच्चार त्याला ऐकवायचा आहे, अशी सबब काढून मी दुसऱ्याच दिवशी परत वर गेले.

उज्ज्वलानं फोन खडकावर, भाताच्या पेंढीला टेकवून ठेवला. सखूबाई जवळच खाली बसल्या होत्या. त्यांच्या हातात आज सूप नव्हतं. पडद्यावर सुभाष आला. गोल, प्रसन्न चेहरा, नीट कापलेली दाढी, मागे पांढरी भिंत आणि दाराची एक कड.

“नमस्कार, मॅडम! आमची मंडळी कशी काय शिकत्याय?”

“उत्तम,” मी म्हणाले. थोडं तिकडच्या भाषेत बोललो. त्याचं पोर्तुगीज भराभर, धसमुसळं, पण बरोबर होतं. मग मी माझ्या आवाजाला होईल तितकं सहज ठेवून विचारलं, आधी कुठं काम करायचात?

तो उत्तर देणार होता. तोंड उघडलं होतं.

“तू फशाव्हाश अ पोर्ता,” सखूबाई म्हणाल्या.

सुभाषचं तोंड तसंच राहिलं.

“एऊ बतीया. तू फशाव्हाश. एऊ शमाव्हा. तू फशाव्हाश अ पोर्ता.”

आवाजात राग नव्हता. रडणं नव्हतं. रोजचं सांगतात तसं. चूल पेटवायचे, पाणी भरायचे.

‘तू’ला त्या भाषेतही ‘तू’च म्हणतात.

“आये?” सुभाष म्हणाला.

सखूबाईंनी फोनकडे पाहिलं. पापणी हलली नाही.

“तिथं कोण हाय?” त्यानं विचारलं. आईनं हे कुठं शिकलं, असं नाही. ती काय म्हणते, असंही नाही. “उज्ज्वला, तिथं आयेजवळ कोण हाय?”

“मी हाय. मॅडम हायत,” उज्ज्वला म्हणाली. “दुसरं कोन आसनार?”

“तू फशाव्हाश,” सखूबाई म्हणाल्या.

सुभाषनं फोनकडे पाहणं सोडलं. त्यानं मान वळवून मागे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या खोलीच्या दाराकडे.

आम्हाला फक्त दाराची कड दिसत होती.

आम्हाला काही ऐकू आलं नाही. त्याला काय ऐकू आलं, माहीत नाही.

फोन बंद झाला.

खळ्यात वारा नव्हता. पेंढीला टेकवलेला फोन हळूच कलला आणि भातावर पडला. उज्ज्वलानं तो उचलून पदरानं पुसला. ती मला काही विचारत नव्हती. मीच बोलले.

“उज्ज्वला, ते रेंजमुळे...”

“तू दार लावायचास,” ती म्हणाली.

मी थांबले.

“मी ठोठवायचे. तू लावायचास. मी हाका मारायचे. तू दार लावायचास.” तिनं माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत उत्तर देऊन बाईंकडे बघावं तसं. “बराबर हाय ना, मॅडम?”

मी मान हलवली.

“मला दुसऱ्या शनवारीच कळाया लागलं व्हतं,” ती म्हणाली. “पर वाटायचं, माझंच चुकत आसंल. म्हणून तुमाला इचारायचे. तुमी म्हणालात, काम करायचा. मी म्हणलं, मॅडमला येतं, आपल्याला न्हाई येत. पुन्यांदा पुस्तक काढलं, शब्द बघितला. मग काल ते सोझीन्या आलं. बाईला शेवटी ‘आ’, तुमीच शिकवल्यालं. मी दारात हुभी. म्हणलं, आता सांगतील. आता तरी सांगतील.” ती थांबली. “तुमी म्हणालात, तब्येत इचारली.”

मला जमिनीकडे बघवत नव्हतं आणि तिच्याकडेही बघवत नव्हतं.

“मी सांगणार होते,” मी म्हणाले.

“कवा?”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं सासूबाईंच्या हाताला धरून त्यांना उठवलं, त्यांची बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळली, तोंडानं ऊब दिली. मग त्यांना घेऊन ओसरीकडे चालता चालता, मागे न बघता म्हणाली,

“पोरीला घिऊन गेले असते मी.”

सुभाषचा फोन त्या रविवारनंतर आला नाही. नंबर लागेना. तिकडून आलेल्या एका पोराकडून कळलं की त्यानं ती खोली सोडली, कामही सोडलं. कुठं गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या पॅकिंगच्या ठिकाणच्या शीतगृहात कधी कुणी बाई कोंडली गेली होती का, हे मी त्या पोराला विचारलं. तो जोडे घालत होता. म्हणाला, मॅडम, तिकडं काय काय व्हतं, सगळं इचारू नका. आणि जिना उतरून गेला.

उज्ज्वलानं बॅग परत दुकानात दिली. ती गेली नाही. मी जिन्यातला फ्लेक्स काढला; शेजारच्या दुकानदारानं विचारलं तर उन्हानं रंग उडाला होता, असं सांगितलं. तेही खोटंच.

मार्गशीर्ष सरता सरता मी एकदा वर गेले. शिकवायला नाही. माफी मागावी, असं मनाशी धरून गेले होते, वाटेत वाक्यंही जुळवली होती. उज्ज्वला अंगणात वाल सोलत होती. “या, मॅडम,” म्हणाली, आणि बसायला पोतं टाकून आत चहा करायला गेली. तिच्या वागण्यात काही कमी नव्हतं, काही जास्तही नव्हतं. माझी वाक्यं माझ्याजवळच राहिली.

सखूबाई ओसरीवर उन्हाला बसल्या होत्या. खळं रिकामं झालं होतं, पाखडायचं काही उरलं नव्हतं. मी त्यांच्या हाताला हात लावून पाहिला. हात ऊबदार होता. म्हाताऱ्या बाईचा सुरकुतलेला, खरखरीत, साधा हात. वासही गेला होता. लुगड्याला धुराचा वास येत होता.

“आता ते बोलत नाही, आजी?” मी विचारलं.

“म्या कवा बोलत व्हते, बाई?” त्या म्हणाल्या. “ती बोलायची.”

“मग आता?”

“आता न्हाई बोलत. काय बोलायचं ऱ्हायलंय? आता बसती आपली उन्हाला. लई थंडी भरलीय तिच्या अंगात. निघंल हळूहळू.”

उज्ज्वला चहा घेऊन आली. तिनं हे ऐकलं होतं. आम्ही चहा प्यालो, वालाच्या भावाचं बोललो, श्रेयाच्या परीक्षेचं बोललो. मग मी उठले. ओसरीवरून उतरायला एकच पायरी, सखूबाईंच्या डाव्या अंगाला. तिथं चांगलं ऊन पडलं होतं. सारवलेली जमीन, दुसरं काही नव्हतं.

मी पाऊल टाकणार तेवढ्यात सखूबाईंनी माझ्या साडीचा काठ धरला.

“जरा अंग चोरून जावा, बाई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पाय पसरल्यात तिनं.”

मी उज्ज्वलाकडे पाहिलं. ती कपबश्या उचलत होती. तिनं मान वर केली नाही, पण हातातली बशी तशीच धरून ती थांबली. मी कशी जाते, ते बघायला.

मी निऱ्या आवरल्या, भिंतीला खेटले, आणि अंग चोरून खाली उतरले.